डेव्ह, डबा आणि वऱ्हाड

चौदा हजारांचा सेकंडहॅण्ड लॅपटॉप, वीस-पंचवीस वर्षांपूर्वीचे गेम्स आणि अकोला-अमरावतीची एक चक्कर. ग्राफिक्स कार्ड नाही, पण धमाल फुल्ल!

'या वीकएण्डला कुठं?' या प्रश्नाला आमच्या ऑफिसात तीनच उत्तरं चालतात. लोणावळा, अलिबाग आणि 'मस्त झोपणार'. २०२५ च्या दिवाळीनंतरच्या शुक्रवारी मी 'अकोला' म्हणालो, तर शेजारच्या क्युबिकलमधून एक डोकंच वर आलं.

'तिथं काय आहे?'

'ताई.'

'ते ठीक आहे रे. पण बघायला काय आहे?'

आता याला काय सांगणार? मुंबई-पुण्याच्या मंडळींना वऱ्हाड म्हणजे दोनच गोष्टी माहीत. मे महिन्यातले तापमानाचे आकडे आणि चिखलदरा. मी काही बघायला चाललो नव्हतो, बॉस. मी खेळायला चाललो होतो. बॅगेत दोन शर्ट, ताईसाठी चिवड्याचा डबा आणि एक लॅपटॉप. चौदा हजारांचा. कोणत्या तरी ऑफिसातून निवृत्त झालेला, पाठीवर अजून तिथल्या मालमत्तेचं स्टिकर चिकटलेलं. आय-फाइव्ह प्रोसेसर, आठ जीबी रॅम, ग्राफिक्स कार्डाच्या नावानं शंख. बिजागरी जरा ढिली. पण कीबोर्ड असला दणकट की नारळ फोडावा!

हा लॅपटॉप माझ्यासाठी नव्हता. आणि तो ज्याच्यासाठी होता, त्याला तो नको होता. सगळी गंमत (आणि सगळं टेन्शन) इथूनच सुरू होतं.

४,२०० रुपयांचा ड्रेस

झालं असं, की दहा-बारा दिवसांपूर्वी ताईचा फोन आला. आवाज थंड. ताई ओरडते तेव्हा काळजी नसते. ती हळू बोलायला लागली की समजायचं, मामला सीरियस आहे.

भाच्यानं तिच्या मोबाइलवरून ४,२०० रुपये उडवले होते. एकदम नाही. कधी ७९, कधी १५९, कधी २९९. मोबाइलवरचा एक फुकट गेम. फुकट म्हणजे डाउनलोड करायला फुकट. आत गेलं की हिरोचा ड्रेस विकत, बंदुकीचा रंग विकत, नाचायची स्टाइलसुद्धा विकत. पैसे लावून खेळायच्या ऑनलाइन गेम्सवर संसदेनं ऑगस्ट २०२५ मध्ये बंदी आणली खरी. पण बंदुकीला रंग देणं हा काही जुगार नाही, त्यामुळे हे दुकान चालूच राहिलं.

तुमच्या-माझ्यासाठी ४,२०० म्हणजे एका वीकएण्डचं बिल. भाऊजींची शेती आहे. सोयाबीन त्या वर्षीच्या पावसानं नेलं, उरला कापूस. लांब धाग्याच्या कापसाचा २०२५-२६ चा हमीभाव क्विंटलला ८,११० रुपये. ताईनं हिशोब करूनच फोन केला होता. 'अर्धा क्विंटल कापूस घातला रे त्यानं त्या बाहुल्याच्या अंगावर,' ती म्हणाली.

मोबाइल जप्त झाला. भाच्यानं आईशी बोलणं बंद केलं. त्यातच डिप्लोमाचं पहिलं वर्ष, म्हणजे लॅपटॉप हवाच. त्याची डिमांड होती गेमिंग लॅपटॉपची. किंमत ऐंशी हजार. भाऊजी गप्प. ताई गप्प. पोरगं गप्प. तीन माणसांचं घर आणि तिघांचं मौनव्रत!

'मी बघतो,' असं मी म्हणून बसलो. मामा लोकांचा हा जुनाच प्रॉब्लेम आहे.

'हा तं डबा हाय, मामा!'

रात्रीची अमरावती एक्स्प्रेस सीएसएमटीहून पकडली की झोपेतच घाट संपतो आणि जाग येते ती काळ्या मातीच्या सपाट मुलखात. (अमरावतीला १६ एप्रिल २०२५ पासून मुंबईहून विमानही सुरू झालंय. पण चौदा हजारांचा लॅपटॉप घेऊन विमानानं जाणं म्हणजे टेम्पोतून पेढ्यांची पुडी नेण्यासारखं.) अकोला स्टेशनवर उतरलो, ऑटोवाल्याचं पहिलंच वाक्य, 'काऊन भाऊ, कुठी जायचं?' आणि माझी जीभ आपोआप गियर बदलते. ऑफिसातलं 'ॲक्च्युअली' गळून पडतं आणि 'काऊन', 'कुठी', 'मले', 'तुले' सुरू होतं. घरी आल्याचा माझा खरा शिक्का हाच.

मागच्या अंगणात कापसाचं गाठोडं, स्वयंपाकघरातून ठेच्याचा खमंग ठसका. भाचा खाटेवर. मी ऐटीत लॅपटॉप काढून समोर ठेवला. त्यानं उचलून उलटा केला, स्टिकर वाचलं, मग सरळ केला.

'मामा, याच्यात ग्राफिक्स कार्ड कुठी हाय?'

'नाही आहे.'

'मंग हा तं डबा हाय, मामा.'

स्वयंपाकघरातला झाऱ्याचा आवाज थांबला. ताई ऐकत होती. मी म्हटलं, 'डबाच आहे. पण आतलं जेवण तरी बघ.'

आता थोडं टेक्निकल, घाबरू नका. १४ ऑक्टोबर २०२५ ला विंडोज १० चा नेहमीचा सपोर्ट संपला. विंडोज ११ जुन्या प्रोसेसरच्या मशीनना सरळ घरात घेत नाही. त्यामुळे धडधाकट लॅपटॉप एका रात्रीत कागदोपत्री म्हातारे झाले. मी याच्यात फुकटातलं लिनक्स टाकलं. जुने डॉसचे गेम्स चालवायला 'डॉसबॉक्स'. हे सॉफ्टवेअर २००२ पासून फुकट मिळतं आणि नव्या मशीनच्या आत एक जुनं मशीन असल्याची बतावणी करतं. विंडोजचे जुने गेम्स लिनक्सवर चालवायला 'वाईन'. (भाऊजींना हे नाव सांगताना मी जरा चाचरलो.)

'याच्यात चालते तरी काय?' भाच्यानं विचारलं. मी यादी वाचली. 'प्रिन्स ऑफ पर्शिया', 'डेंजरस डेव्ह', 'एज ऑफ एम्पायर्स टू', 'क्रिकेट २००७', 'ओपन टीटीडी'.

'हे तं तुमच्या जमान्यातले हायेत.'

इथं मात्र मला हसू आलं. कारण खरं सांगायचं तर, ते आमच्याही जमान्यातले नव्हते.

वऱ्हाडात गेम जुनाच यायचा

थोडा फ्लॅशबॅक. २००१-०२ ची अमरावती. राजकमल चौकाजवळच्या एका बोळात एक सायबर कॅफे. सहा कम्प्युटर, सहा पडदे, तासाला १५ रुपये. बाहेर उन्हानं डांबर वितळतंय आणि आत वाळ्याच्या कूलरचा ओला वास. त्या वासासाठीच अर्धी गर्दी असायची! लाइट गेली की कॅफेवाले काका वहीत वेळ लिहून ठेवायचे. 'तुमचे सतरा मिनिट जमा', म्हणजे सतरा मिनिटं जमा. उन्हाळ्यातल्या लोडशेडिंगमध्ये आमची मिनिटं बँकेतल्या ठेवीसारखी साचत जायची.

तिथं एके दिवशी बातमी फुटली, 'नवीन गेम आला, लय भारी!' तो होता 'प्रिन्स ऑफ पर्शिया'. आम्ही धावलो. तासाभरात राजकन्येला सोडवायचं, घड्याळ चालू. त्या प्रिन्सचं धावणं, लोंबकळणं, धापकन पडणं बघून आम्ही येडे झालो. तो गेम १९८९ चा आहे, हे मला कळलं ते मुंबईत नोकरीला लागल्यावर! जॉर्डन मेकनर नावाच्या अमेरिकन तरुणानं आपल्या धाकट्या भावाला धावायला-उड्या मारायला लावून त्याचं शूटिंग केलं आणि त्यावरून एकेक चित्र काढून तो प्रिन्स तयार केला. बारा वर्षांनी तो आमच्या बोळात 'नवीन' म्हणून पोचला.

'डेव्ह'चंही तेच. जॉन रोमेरोचा गेम, मूळ १९८८ चा. 'रोड रॅश' पीसीवर १९९६ मध्ये आला, आमच्याकडे चांगला चार-पाच वर्षांनी. दोष कुणाचाच नव्हता. पुण्या-मुंबईच्या ऑफिसांनी टाकलेले कम्प्युटर आमच्याकडे यायचे आणि त्यांच्यावर जे चालेल तेच आम्ही खेळायचो. गेम बरा का वाईट, हे नंतर. पहिला प्रश्न, 'चालते का?'

म्हणून ही 'रेट्रो गेमिंग'ची फॅशन ऐकली की मला गंमत वाटते. शहरात तो शौक आहे. वऱ्हाडात ती पद्धतच होती. स्वस्त मशीनवर जुना गेम खेळणारा माणूस आमच्याकडे हौशी नव्हता, तो नॉर्मल होता.

आणि गणित बघा. 'एज ऑफ एम्पायर्स टू' १९९९ मध्ये आला तेव्हा बॉक्सवर लिहिलं होतं, किमान १६६ मेगाहर्ट्झचा प्रोसेसर आणि ३२ एमबी रॅम. आमच्या कॅफेतल्या सहापैकी दोनच कम्प्युटर ते झेपवायचे, त्यासाठी भांडणं व्हायची. या 'डब्या'त आठ जीबी, म्हणजे ८,१९२ एमबी. भागा ३२ नं. २५६ पट! ज्या मशीनला आज कुणी विचारत नाही, ते त्या गेमसाठी राजवाडा आहे. फॅनसुद्धा फिरत नाही धड. अकोल्याच्या उन्हाळ्यात पारा पंचेचाळीसच्या पुढे गेला की हा मुद्दा किती मोठा आहे, हे गेमिंग लॅपटॉप मांडीवर घेऊन बसणाऱ्यालाच विचारा.

हे सगळं मी भाच्याला सांगितलं. त्यानं ऐकून घेतलं आणि म्हणाला, 'मंग उद्या अमरावतीले चालता का? तो कॅफे दाखवा.'

मला वाटलं जिंकलो. नंतर कळलं, त्याला फक्त घरातून बाहेर पडायचं होतं.

हायस्कोअरवाला रस्ता

अकोला ते अमरावती शंभरेक किलोमीटर. शनिवारी सकाळी आम्ही एसटी पकडली. हा रस्ता म्हणजे एकेकाळी हाडांचा खुळखुळा. कित्येक वर्षं काम रखडलेलं, खड्डे मोजत जायचं. आणि मग २०२२ च्या जूनमध्ये याच रस्त्यानं गिनीज बुकात नाव काढलं. ३ ते ७ जून, ७२० कामगार, रात्रंदिवस काम आणि ७५ किलोमीटरची सलग एक लेन १०५ तास ३३ मिनिटांत डांबरून मोकळी! आधीचा विक्रम कतारचा होता, पंचवीस किलोमीटरच्या आसपास. राष्ट्रीय महामार्ग ५३. वऱ्हाडातला सगळ्यात मोठा हायस्कोअर हाच.

भाच्यानं मांडीवर लॅपटॉप उघडला. बोअर होत होता म्हणून. मी 'ओपन टीटीडी' लावून दिला. हा मूळचा १९९५ चा 'ट्रान्सपोर्ट टायकून डिलक्स', ख्रिस सॉयर नावाच्या माणसानं बांधलेला. चाहत्यांनी २००४ पासून तो नव्यानं फुकट उपलब्ध केला. रूळ टाका, स्टेशनं बांधा, कोळसा न्या, माणसं न्या, पैसे कमवा. हिरो नाही, ड्रेस नाही.

पहिली दहा मिनिटं तो नुसता माउस फिरवत होता. बोरगाव मंजू गेलं. मग दिसलं, की त्यानं एका गावाचं नाव बदलून 'अकोला' केलंय. दुसऱ्याचं 'मूर्तिजापूर'. तिसऱ्याचं 'बडनेरा'. रूळ जोडले गेले. गाडी सुटली.

तेवढ्यात खरं मूर्तिजापूर आलं. मी त्याला 'शकुंतला'ची गोष्ट सांगितली. नॅरोगेज गाडी. एक फाटा यवतमाळला, एक अचलपूरला. मालकी ब्रिटिशकालीन कंपनीची, गाडी चालवायची भारतीय रेल्वे! तिचं वाफेचं इंजिन १९२१ मध्ये मँचेस्टरला बनलेलं. १९२३ पासून ते कामाला लागलं आणि १५ एप्रिल १९९४ ला डिझेल इंजिन येईपर्यंत खेचत राहिलं. सत्तर वर्षं! आता गाडीही थांबलीय, रुळांवर गवत आलंय.

'सत्तर वर्षं एकच इंजिन?' भाच्यानं पहिल्यांदा माझ्याकडे नीट वळून बघितलं.

'चालत होतं ना. मग कशाला बदलायचं?'

बडनेऱ्याच्या अलीकडे त्याच्या स्क्रीनवर सूचना आली, तुमची गाडी म्हातारी झाली. या गेममध्ये इंजिनांचं वय वाढतं, मग ती वाटेत बंद पडायला लागतात. नवीन घ्यायला पैसे होते त्याच्याकडे. त्यानं घेतलं नाही. 'चालू दे अजून,' म्हणाला आणि खिडकीबाहेर बघत बसला.

'तुमचं खातं कधीचंच क्लिअर हाय'

राजकमल चौकात उतरून आधी गिला वडा. दह्यात भिजलेला, वर तिखट-गोड चटणीचे ओघळ. अमरावतीत आल्यावर याला पर्याय नाही. मग अंबादेवी आणि शेजारच्या एकवीरादेवीचं दर्शन. ते झालं की मन मोकळं.

बोळ सापडला. कॅफे नव्हता. म्हणजे जागा तीच, काका तेच, पण पाटी वेगळी. 'झेरॉक्स, सर्व प्रकारचे ऑनलाइन फॉर्म भरून मिळतील.' पडदे गेले. दोन कम्प्युटर उरलेत. बाहेर पीकविम्याचे कागद घेऊन दोघं-तिघं बसलेले. काकांचे केस पांढरे, चष्मा जाड. मी नाव सांगितलं. त्यांनी क्षणभर बघितलं.

'अरे बाप्पा! तू तो प्रिन्सवाला!'

भाच्यासमोर कॉलर टाइट झाली. मग मी ज्यासाठी आलो होतो ते बोललो. हे मी कुणालाच कधी सांगितलेलं नाही, ऑफिसात तर नाहीच. २००३ मध्ये मी शिकवणीला जातो सांगून इथं बसायचो. बाबा कारकून, पगार केवढा तर तेवढा. पैसे संपले की काकांच्या वहीत उधारी. ती उधारी ३४५ रुपयांवर गेली. म्हणजे २३ तास. काका एकदा म्हणाले, 'आता बाबांले भेटा लागते.' त्या दिवसापासून मी त्या बोळात पाऊलच टाकलं नाही. बारावीनंतर बाहेरगावी कॉलेज, मग मुंबई. बाबा गेले. त्यांना काकांनी सांगितलं होतं की नाही, हे विचारायची हिंमत मला कधीच झाली नाही.

मी पाचशेची नोट पुढे केली. 'काका, माझी जुनी उधारी.'

काकांनी नोट परत माझ्या खिशात कोंबली. 'काय करून रायला? तुमचं खातं कधीचंच क्लिअर हाय.'

'बाबांनी भरले?'

'नाही जी. तुह्या ताईनं. ते तिकडं वरच्या माळ्यावर एमएस-सीआयटीच्या क्लासले ये ना. एक दिवस आली, म्हणे भावाचे किती हायेत? सगळे सुट्टे पैसे. दहाच्या नोटा, पाचाचे डॉलर. मोजता मोजता दहा मिनिटं गेली, म्हणून तं ध्यानात हाय. अन् म्हणे, बाबांले सांगू नका.'

(अमरावतीत आमच्या लहानपणी पाचाच्या नाण्याला काही जण 'डॉलर' म्हणायचे.)

मला एकदम आठवलं. ताई त्या वर्षी तिसरी-चौथीच्या पोरांच्या शिकवण्या घ्यायची. घड्याळ घ्यायचं होतं तिला. राजकमलजवळच्या एका दुकानात बघूनही ठेवलं होतं. मग एकदा म्हणाली, नको, जवळून बघितलं तर नाही आवडलं. मी म्हटलं होतं, 'बरं झालं, तसंही जुन्या फॅशनचं होतं.'

भाचा काहीच बोलला नाही. परतीच्या एसटीत त्यानं लॅपटॉप उघडला नाही. मूर्तिजापूर गेल्यावर एवढंच विचारलं, 'मामा, तीनशे पंचेचाळीस तेव्हा लय होते का?'

'घड्याळाएवढे होते,' मी म्हटलं.

कप घ्या लागते

रात्री जेवणं झाली. खिचडी-कढी आणि ठेचा. मी ताईला विचारलं, 'तू काकांना पैसे दिले होतेस?'

'कोणते पैसे?' म्हणाली आणि भांडी घेऊन आत गेली. विषय संपला.

भाचा ओसरीवर 'डेव्ह' घेऊन बसला होता. या गेममध्ये ग्राफिक्सच्या नावानं ठिपके आहेत. टोपीवाला एक माणूस, आग, पाणी, हिरे आणि दहा लेव्हल्स. तो दाराशी जाऊन नुसता धडकत होता. दार काही उघडेना. दोनदा आगीत पडून मेला. भाऊजी मागे उभे राहून बघत होते. त्यांनी आधीच 'याच्यात क्रिकेट हाय का' म्हणून चौकशी केली होती. 'क्रिकेट २००७' आहे म्हटल्यावर खूश! त्या गेममध्ये मुळात भारतीय खेळाडूंची खरी नावं नव्हती. कंपनीनं त्यानंतर पीसीसाठी क्रिकेटचा गेमच काढला नाही. पण चाहते वर्षानुवर्षं नवे संघ, नवे कपडे स्वतः तयार करून त्यात भरत राहिले. फुकट. इथं ड्रेस विकत नाही मिळत, कुणीतरी आवडीनं शिवून देतं.

पोरगं तिसऱ्यांदा मेलं. तेवढ्यात पदराला हात पुसत ताई बाहेर आली. बघत उभी राहिली. अर्धा मिनिट. मग तिला राहवेना.

'सर तिकडं. असं नाई खेळत.'

ती खाटेवर बसली, लॅपटॉप मांडीवर ओढला. डावा हात, उजवा हात, बरोब्बर जागेवर. टोपीवाला उडाला, हिरा घेतला, आगीवरून गेला, वरच्या फळीवर चढला. एकदाही चूक नाही. बावीस वर्षांनी! एमएस-सीआयटीच्या क्लासमध्ये सर बाहेर गेले की काय चालायचं, ते मला तेव्हा कळलं.

भाचा डोळे फाडून बघत होता. बारा दिवसांनी त्याच्या तोंडून पहिला शब्द निघाला.

'आई... तुले येते हे?'

ताईनं स्क्रीनवरून नजर काढली नाही. 'दाराशी धडकून काय होते? आधी कप घ्या लागते. त्याशिवाय दार उघडत नाही.'

'कप कुठी हाय?'

'वर पाय.'

तो सरकून तिच्या शेजारी बसला. भाऊजींनी हळूच मोठा दिवा लावला. मी पाणी प्यायच्या निमित्तानं आत गेलो आणि बराच वेळ पाणी पीत राहिलो.

त्या रात्री सगळं सुटलं, असं नाही. ऐंशी हजारांच्या लॅपटॉपचं स्वप्न पोराच्या डोळ्यांत अजून आहे आणि ते असूच दे. त्यात वाईट काय? मोबाइल परत मिळाला, पण पैशांचं ॲप काढून. ४,२०० चा हिशोब कपाटाच्या दारावर चिकटवलाय, दर रविवारी शेतात काम करून फेडायचाय. पण एक गोष्ट त्याला पटली असावी, असं मला वाटतं. फोनवरचा तो गेम कधी संपत नाही, कारण तो संपला तर दुकान बंद होईल. डेव्हच्या दहा लेव्हल्स संपतात. प्रिन्सचा तास संपतो. जिंकलं तर जिंकलं, मेलं तर मेलं, मशीन बंद करून जेवायला जायचं. एकदा आपला झालेला गेम परत हात पसरत नाही.

आणि हे सगळं टिकवायला कुणीतरी लागतं, हेही खरं. अमेरिकेत २०२३ मध्ये एका अभ्यासात दिसलं, की तिथं २०१० पूर्वी प्रसिद्ध झालेल्या गेम्सपैकी ८७ टक्के आता बाजारात मिळतच नाहीत. खुद्द 'प्रिन्स'चा मूळ कोड वर्षानुवर्षं हरवला होता. २०१२ मध्ये मेकनरच्या वडिलांना घरातल्या सामानात फ्लॉपींचा एक खोका सापडला, त्यात तो निघाला. घरातल्या माणसांनी काय काय गुपचूप जपून ठेवलेलं असतं, आपल्याला पत्ता नसतो.

रविवारी रात्री परतीच्या गाडीत बसलो. शेगाव येईपर्यंत ताईच्या नंबरवरून मेसेज आला. टाइप करणारा मात्र दुसराच होता.

'मामा, आई पुढच्या लेव्हलमध्ये अडकली. फोन नको करू. भाजी करपली हाय.'

जायचंय?

कसं जाल: मुंबईहून रात्रीची अमरावती एक्स्प्रेस. अकोला, मूर्तिजापूर, बडनेरा आणि अमरावती, चारही स्टेशनं एकाच गाडीवर. अकोला-अमरावतीसाठी एसटी मस्त. मूर्तिजापूरला रेंगाळायला विसरू नका.

कधी जाल: नोव्हेंबर ते फेब्रुवारी. मे महिन्यात गेलात तर कूलरसमोरची जागा आधीच बुक करा.

काय खाल: अमरावतीत गिला वडा. वाटेत शेगावला गाडी थांबली तर कचोरी. कुणाच्या घरी रोडगे-वांग्याच्या भाजीचं बोलावणं आलं तर बाकी सगळे प्लॅन कॅन्सल!

काय खेळाल: लॅपटॉप कितीही साधा असो, 'ओपन टीटीडी' चालतोच आणि तो फुकट आहे. डॉसच्या गेम्ससाठी 'डॉसबॉक्स'. काहीच इन्स्टॉल करायचं नसेल तर इंटरनेट अर्काइव्हनं २०१५ पासून हजारो डॉस गेम्स ब्राउझरमध्येच खेळायला ठेवलेत. 'एज ऑफ एम्पायर्स टू'ची २०१९ ची नवी आवृत्ती देखणी आहे, पण तिला मशीन जरा तगडं लागतं.

काय न्याल: माउस. टचपॅडवर साम्राज्यं उभी राहत नाहीत. आणि घरात मोठी बहीण असेल, तर एक घड्याळ.